आधी जुन्या शिलका जुळव
नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात निधीनिहाय, म्हणजे प्रत्येक निधीच्या वेगळ्या हिशेबाचं सॉफ्टवेअर येतंय ना? मग आधी आरंभीच्या शिलका, म्हणजे जुन्या वहीतून नव्यात आणायच्या रकमा बघ. आमचं घोडं तिथेच अडलं होतं. ठेकेदारांच्या अनामत रकमा, नळजोडणीच्या ठेवी आणि केंद्राच्या अमृत या शहरी पाणीपुरवठा योजनेचं न खर्चलेलं अनुदान, सगळं एकाच खात्यात कोंबलेलं! ठेव परत द्यायची असते, अनुदान ठरलेल्या कामालाच वापरायचं. म्हणून दोन्ही देणी म्हणून वेगवेगळी दाखव. पाणीपट्टीची थकबाकी प्रत्येक नळजोडणीनिहाय चढव, नुसता एकूण आकडा नको. लेखाशीर्षांचे (हिशेबातल्या खात्यांचे) संकेतांक २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेप्रमाणे बसवून घे. सुरुवात १ एप्रिललाच, पण निदान एक तिमाही जुनी कीर्द-खतावणीही चालू ठेव. कंपनीचा माणूस 'काही गरज नाही' म्हणेल. लेखापरीक्षकासमोर त्याला थोडंच बसायचंय?