अ, ॲन, द: सुरुवातीला एवढंच पुरे

अ, ॲन, द ही इंग्रजीतली आर्टिकल्स, म्हणजे नामाआधी येणारे छोटे शब्द. मराठीत हा प्रकारच नाही, म्हणून आपण सगळेच इथे अडखळतो. घाबरू नका. आधी स्वतःला विचारा: ऐकणाऱ्याला नेमकी कोणती वस्तू ते कळलंय का? ‘आय टुक अ रिक्षा. द रिक्षा स्टॉप्ड ॲट स्वारगेट.’ आधी कुठलीतरी रिक्षा, म्हणून अ; मग तीच, म्हणून द. हे अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं.

नेहमीच्या चुका:
- अक्षर बघून ॲन लावणं. उच्चार ऐका: अ युनिव्हर्सिटी, पण ॲन अवर, ॲन एमपीएससी एक्झाम.
- ‘द पुणे’ म्हणणं. नदीला मात्र द लागतो: द मुठा.
- ‘आय ॲम इंजिनिअर’. मुलाखतीत हे फार खटकतं, ॲन हवाच.

अपवादांच्या याद्या सध्या नकोत. रोज पाच वाक्यं मोठ्यानं म्हणा.