सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर?

स्टुटगार्टहून एका आईचं चार पानी पत्र आलंय. मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत. पत्रात वाचन, अक्षर, गणित, टॅब सगळंच आहे, पण मी अडकले ती या ओळींवर: "शंभरपर्यंतचे आकडे सुरू झाल्यापासून ती ४७ चे ७४ लिहिते. बाई म्हणाल्या, दोन भाषांचा गोंधळ होतोय, घरीही जर्मनच बोला. दोन महिने झाले, आम्ही मराठी बंद केलंय. आजोबांचा फोन आला की ती गप्प बसते."

अहो, बंद केलंत? आणि पुढच्याच पानावर लिहिता, "आमचं दोघांचं जर्मन बी-वन या मधल्या पातळीच्या पुढे गेलेलं नाही." मग त्या मोडक्या जर्मनमध्ये लेकीला गोष्ट कशी सांगणार, आणि रागावणार तरी कसं?

जरा दोन्ही भाषांत मोजून पाहा. जर्मन माणूस म्हणतो 'झीबन-उंड-फिअर्त्सिश', सात आणि चाळीस. आपण म्हणतो सत्तेचाळीस. सातच आधी! एकक आधी बोलायचं आणि दशक आधी लिहायचं, ही अडचण दोन्ही घरची सारखीच. घरीदारी फक्त जर्मन बोलणारी पोरंही कानावर पडेल तसं लिहून ७४ करून ठेवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं तेव्हा आपण केवढी टिंगल केली! त्या बदलामागे हेही एक कारण होतं. जोडाक्षरांची धास्ती होती ती वेगळीच. आणि 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढून नंतर उच्चारायची, हे आपण कुरकुर न करता शिकलोच ना?

माझा धाकटाही डसेलडॉर्फला हेच करायचा. मी वर्कशीटांचा ढीग आणला. माझी आई आली, तिने तो ढीग बाजूला सारला आणि आगकाड्यांची गुलं खुडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. ती "सत्तेचाळीस" म्हणायची, हा चार जुड्या डावीकडे आणि सात सुट्या काड्या उजवीकडे मांडायचा. पेन्सिल त्यानंतर हातात. व्हिसा संपून ती परत गेली तोवर पोराचे आकडे सरळ झाले होते. वर्कशीटं अजून माळ्यावर आहेत.

तेव्हा काड्या आणा आणि मराठीतच मोजा. आपल्या आकड्यांत गंमत आहे हो! एकोणतीस म्हणजे एकाने कमी तीस, पुढच्या आकड्यावर डोळा ठेवून बोलायचं. जर्मन लोक घड्याळात तेच करतात. साडेतीनला ते 'हाल्ब फिअर' म्हणतात, चारच्या वाटेवरचा अर्धा. आमच्या ह्यांनी पहिल्या वर्षी त्याचे साडेचार केले आणि दातांच्या डॉक्टरची वेळ घालवली. धाकट्याला मात्र 'हाल्ब फिअर' एका फटक्यात कळलं, कारण एकोणतीस आधीच कळलेलं होतं. (नव्याण्णव तेवढं चालीबाहेरचं. ते पाठच करायचं.)

देवनागरी अंक लिहायला सध्या लावू नका; आपला १ तिला तिथल्या नऊसारखा दिसेल. तोंडी चालू द्या.

बाकीचं थोडक्यात. वाचनासाठी झोपताना दहा मिनिटं मराठी गोष्ट, ओळीखालून बोट फिरवत, आणि मध्येच "सांग बरं कोणतं अक्षर" अशी परीक्षा घेऊ नका. अक्षर गिचमिड आहे म्हणता, तर असू दे, वयच ते आहे. टॅब बैठकीच्या खोलीत राहील, खाटेवर जाणार नाही.

राहिले आजोबा. त्यांना काम द्या. दर रविवारी तुमच्या सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर हाऊझी. नव्वदपर्यंतचे आकडे ते मराठीत पुकारतील, एकेक, सावकाश, आणि लेक आपल्या तिकिटावर खोडत जाईल. "बासष्ट!" म्हटल्यावर ती सव्वीसवर रेघ मारायला गेली तर बोलू नका, फक्त काड्यांचा डबा पुढे सरकवा. उन्हाळ्यात अकरा म्हणजे त्यांचे अडीच. ऑक्टोबरअखेर तुमचं घड्याळ मागे गेलं की त्यांचे साडेतीन होतात, तेवढं आठवणीने कळवा, नाहीतर ते चष्मा लावून तासभर आधीच फोनसमोर बसतील.