भार ‘हलला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आला आहे: एका अनुवादात ‘विद्युतभार हलला की किरणोत्सर्ग होतो’ असं वाक्य आहे. इथे ‘किरणोत्सर्ग’ चालेल की ‘प्रारण’ हवं?

प्रारण हवं. अस्थिर अणुकेंद्रातून आपोआप बाहेर पडणाऱ्या अल्फा, बीटा, गॅमासाठी ‘किरणोत्सर्ग’ राखून ठेवावा. रेडिओलहरी, प्रकाश, क्ष-किरण हे सगळं विद्युतचुंबकीय प्रारण. वर्तमानपत्रांत मोबाइलच्या टॉवरचाही ‘किरणोत्सर्ग’ होतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट चेर्नोबिल उभं राहतं.

पण मी त्या वाक्यात अडखळलो तो ‘हलला’पाशी. मराठीत पान हलतं, पाळणा हलतो, म्हणजे जागच्या जागी मागेपुढे होतो. फलाटावरची गाडी हलते, म्हणजे थांबलेली निघते. दोन्हीकडे वेग बदलतोय. या अर्थाने वाक्य चक्क बरोबर आहे! हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1887-88 मध्ये ठिणग्या पाडून तारेतले भार असेच हेलकावले होते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला लहरी पकडल्या होत्या. मात्र ‘हलणे’चा ‘इकडून तिकडे जाणे’ असाही अर्थ होतो. तो घेतला, किंवा कुणी वाक्य ‘सुधारून’ ‘गतिमान विद्युतभार’ केलं, की वाक्य चुकलं. निर्वातात सरळ रेषेत एकसारख्या वेगाने जाणारा भार प्रारण देत नाही. त्याच्याबरोबर तेवढ्याच वेगाने जाणाऱ्याला तो स्थिरच दिसणार, आणि स्थिर भार कसलं प्रारण देणार?

संस्कृतात ‘अर’ म्हणजे चाकाचा आरा. लॅटिनमधल्या ‘रेडियस’चाही एक अर्थ आराच, आणि रेडिएशन, रेडिओ त्याच घरातले. ‘प्रारण’ मी या अराशी जोडून लक्षात ठेवतो (व्युत्पत्ती म्हणून नव्हे, आठवणीची खूण म्हणून), कारण भौतिकीतलं चित्रही तसंच आहे. भाराभोवती त्याच्या विद्युतक्षेत्राच्या रेषा आऱ्यांसारख्या पसरलेल्या असतात. भार एकसारखा चालत राहिला तर आरे सरळ राहून त्याच्याबरोबर जातात. त्याला हिसका बसला की जवळचे आरे नव्या जागेकडून निघतात. दूरच्यांना मात्र खबरच नसते, ते जुन्या हिशेबानेच रोखलेले. या दोहोंना जोडताना आऱ्याला मुरड पडते, आणि ती मुरड प्रकाशाच्या वेगाने बाहेर धावते. तेच प्रारण. हिसका दुप्पट जोराचा असेल तर प्रारणाची शक्ती चौपट, हे लार्मर या भौतिकशास्त्रज्ञाने 1897 मध्ये दाखवलं.

हिसका याला पाठ्यपुस्तकी शब्द ‘त्वरण’. त्यात ‘त्वरा’ बसली आहे, त्यामुळे वेग वाढला तरच त्वरण असं वाटत राहतं. ब्रेक लागणं हेही त्वरणच, शाळेतलं ‘ऋण त्वरण’. क्ष-किरणांच्या नळीत इलेक्ट्रॉन धातूवर आपटून थबकतात, त्यातून निघणाऱ्या प्रारणाला जर्मन लोक सरळ ‘ब्रेकचं प्रारण’ म्हणतात: ब्रेमस्ट्राहलुंग. वळणं हेही त्वरणच. इंदूरच्या ‘इंडस-2’ या यंत्रात इलेक्ट्रॉन 172.5 मीटर परिघाच्या कड्यात फिरतात. वळताना चाल तीच, दिशा वेगळी, म्हणजे वेग बदलला, आणि प्रत्येक वळणावर प्रारण सुटतं. चाल आणि वेग हा भेद शाळेत आपल्याला नुसता कीस वाटायचा!

त्वरण आहे म्हणून भरपूर प्रारण मिळेलच असंही नाही. घरातल्या तारांत भार सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतात, पण त्या लहरीची लांबी 6000 किलोमीटर. तिच्यापुढे आपली तार अँटेना म्हणून कुठल्या कुठे!

तेव्हा वाक्य असं करा: ‘विद्युतभाराचा वेग बदलला की प्रारण बाहेर पडतं.’

एक अपवाद विचारला जाईल, म्हणून सांगतो. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी 1956 मध्ये सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या हौदात होता. अशा हौदात निळं तेज दिसतं. पाण्यात प्रकाशाचा वेग निर्वातातल्या साधारण पाऊणपट उरतो, आणि काही इलेक्ट्रॉन त्याच्याही पुढे धावतात. वेग न बदलताही, नुसतं असं पुढे धावणं पुरतं. पण ते तेज खरं तर पाणी देतं: इलेक्ट्रॉन जवळून गेला की पाण्याच्या रेणूंमधले भार हलतात. इथे मात्र ‘हलतात’ हाच शब्द मी ठेवीन.