लिव्हर सिरॉसिसवर स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा) उपयोग होतो का? वडिलांना सुरू करावं का?

केवळ सिरॉसिससाठी म्हणून सध्या तरी नको, आणि स्वतःच्या मनाने तर अजिबात नको.

आशा वाटण्यासारखं कारण मात्र खरंच होतं. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, त्यातून अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनने यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि हा दाब थोडा उतरतो, हे 2009 मध्ये दिसलं. मग स्पेनमध्ये असा रक्तस्राव होऊन गेलेल्या 158 रुग्णांवर चाचणी झाली (2016). बीटा-ब्लॉकर (हा दाब उतरवणाऱ्या गोळ्या) आणि बँडिंग (फुगलेल्या शिरा रबरी कड्यांनी बांधणं) सगळ्यांनाच, वर अर्ध्यांना 40 मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन. पुन्हा रक्तस्राव होणं काही थांबलं नाही, पण मृत्यू 22 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले! तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे लागले.

पुढे युरोपातल्या 'लिव्हरहोप' चाचणीत 20 मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन आणि रिफॅक्सिमिन (आतड्यात काम करणारं अँटिबायोटिक) वर्षभर दिलं, तर आजार बळावणं प्लासिबोइतकंच (औषध नसलेल्या नकली गोळीइतकंच) राहिलं. 2025 मध्ये छापलेला हा निकाल मला फार निराशाजनक वाटला, पण तो मानायलाच हवा.

पोटात पाणी किंवा कावीळ असलेल्यांत 40 मिलिग्रॅमने स्नायू विरघळण्याचा धोका ठळकपणे दिसला आहे. अंग सतत दुखलं, लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वडील हृदयासाठी आधीपासून स्टॅटिन घेत असतील तर घाबरून परस्पर बंदही करू नका. सुरुवातीच्या सिरॉसिसमध्ये ते सहसा चालतं. डोस लिव्हरच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.