शेंगदाणे हार्टला चांगले असं रिसर्च सांगतो, मग सोलापुरी शेंगा चटणी रोज खाल्ली तर चालेल का?

चालेल की ओ, पण तो रिसर्च नक्की कशावर झालाय ते आधी बघा. स्पेनमधल्या ज्या मोठ्या ट्रायलचं नाव सगळे घेतात, प्रेडिमेड, त्यात ७४४७ लोक होते आणि एका गटाला रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला, म्हणजे अक्रोड, बदाम, हेझलनट, शेंगदाणे त्यात नव्हतेच! परत २०१३ चा तो पेपर २०१८ ला मागं घेऊन दुरुस्त करून छापावा लागला, कारण गट चिठ्ठी टाकून पाडायचे तर काही ठिकाणी एका घरातल्या सगळ्यांना एकाच गटात टाकलेलं, सुकामेवा हार्टला चांगला हा निष्कर्ष मात्र साधारण तोच राहिला.

शेंगदाण्यावरचे बरेचसे अभ्यास फॉर्म भरून घेऊन केलेले, आता मागच्या महिन्यात चटणी किती चमचे खाल्ली हे तुम्हाला तरी सांगता येईल का, आमच्यात तर कडक भाकरी चुरून त्यावर दही आणि चटणी घेतली की मोजतंय कोण.

माझं मत, दाण्याला घाबरू नका, मिठाकडं बघा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असं डब्ल्यूएचओ म्हणतं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. बीपी असेल तर चटणी घरीच कुटा, मीठ हात राखून.