चळवळीत नवीन आहेस, तर आधी झोप सांभाळ

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ग्रुपवर उत्तरं देत बसतेस ते आधी बंद कर गो. नोटीस आली, कोणाला पोलिसांनी उचललं, अशा खऱ्या तातडीसाठी दोघांचे नंबर ठरवून ठेवा, आठवड्याआठवड्याची पाळी लावा आणि ज्याची पाळी नाही त्याने फोन सायलेंट करून खुशाल झोपायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, बायका रिफायनरीविरोधात भर उन्हात बसल्या ते सगळ्यांनी बघितलं, पण माणूस खचतो तो नंतर, कोर्टाच्या तारखांना खेटे, घरच्यांची बोलणी, आणि गावात दोन तट पडले की वाडीतलीच माणसं बोलेनाशी होतात, ते फार आत लागतं. चिडचिड वाढली, जेवण जाईना, लोकांचं दुःख ऐकूनही काहीच वाटेनासं झालं तर तो आळस नाही, बर्नआउट आहे. तेव्हा सरळ १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेलीमानस हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मारहाणीचे व्हिडिओ परत परत बघू नको, पुराव्यासाठी एकानेच बघून नीट सेव्ह करायचे. आणि शिमग्याला, गणपतीला घरी जायचंच, कोणी कुरकुर केली तर माझं नाव सांग.