ठाण्यात शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट खूप तापतो. मोठ्या दुकानात बबल शीट आणि पांढरा रंग एवढंच मिळालं. इन्सुलेशनसाठी दुसरं काही आहे का?

आहे, आणि बरंच आहे. फक्त ते त्या दुकानात मिळत नाही. मी राबाळे एमआयडीसीत एसी डक्ट आणि कोल्ड रूमच्या इन्सुलेशनची कामं करतो, त्यामुळे हा माल रोजचा हाताखालचा. तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहता, वर थेट गच्ची आहे, रात्री अकराला पंखा लावला तरी गरम वाराच खाली येतो, आणि दुकानातल्या माणसाने चकाकणाऱ्या बबल शीटचा रोल पुढे करून ‘छताला चिकटवा’ असं सांगितलं. घेतला नसेल तर अजून घेऊ नका.

त्या शीटचा उपयोग होतो, पण चकाकी ज्या बाजूला आहे तिथे मोकळी हवा असेल तरच. तिचं काम स्लॅबमधून किरणांच्या रूपाने येणारी उष्णता अडवायचं. चकाकी स्लॅबला घट्ट चिकटवली की ते काम संपलं. उरते चार-पाच मिमी जाडीची हवेची पिशवी. उष्णतेला होणारा अडथळा जाडी आणि पदार्थ यांवरून मोजतात. तुमचा पाच इंची आरसीसी स्लॅब 0.08 च्या आसपास अडथळा देतो (आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी येते), नुसती चिकटवलेली बबल शीट फार तर 0.1 ची भर घालते. 50 मिमी एक्सपीएस शीट (दाबून बनवलेल्या कडक फोमचा बोर्ड) मात्र एकटीच 1.6 देते, म्हणजे स्लॅबच्या वीस पट. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो, कारण माणसं पैसे खर्च करतात आणि पुढचा मे पुन्हा तसाच काढतात.

दुकानात हा माल का नसतो? इन्सुलेशन म्हणजे बहुतांशी अडकवून ठेवलेली हवा. जागा प्रचंड खातं, किंमत त्या मानाने कमी, आणि गिऱ्हाईक ते रिक्षात घालून नेऊ शकत नाही. यूट्यूबवर अमेरिकेतल्या दुकानांत ग्लासवूलच्या (काचेच्या तंतूंच्या कापसासारख्या मालाच्या) गुंडाळ्यांच्या रांगा दिसतात; तिथली बरीच घरं लाकडी चौकटीची, भिंतीत आणि माळ्यावर पोकळी असते, घरमालक स्वतः भरतो. आपली भिंत भरीव, वर सपाट स्लॅब. (तिथल्या पाकिटावरचा ‘आर 13’ म्हणजे हाच अडथळा, पण त्यांच्या मापात; तो आपल्या मापात आणायचा तर 5.7 ने भागा, नाहीतर तुलना पार चुकते.)

आता तुमचं घर. मेच्या मध्याला ठाण्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, म्हणून भिंतींच्या आधी गच्चीचं बघा. पांढरा रंग तुम्ही नाकारू नका. सर्वांत स्वस्त आणि लगेच गुण देणारा उपाय तोच आहे, कारण ऊन आत शिरायच्या आधीच परत जातं. मात्र ‘कूल रूफ’ म्हणून येणारा, गच्चीसाठीचाच घ्या, भिंतीचा डिस्टेंपर नको. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि काळपटपणा चढतो. दर फेब्रुवारीत घासून धुतला नाही तर गुण बराच कमी होतो.

खरं टिकाऊ काम म्हणजे स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगवर एक्सपीएस शीट, तिच्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि मग कोबा किंवा टाइल्स. एक्सपीएस पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून आपल्या पावसात तेच. रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा थर), ग्लासवूल गच्चीवर कधीही नको. भिजलं की संपलं. घरांसाठीच्या ‘इको निवास संहिता 2018’ मध्ये छतातून जाणाऱ्या उष्णतेची, म्हणजे यू-व्हॅल्यूची, कमाल मर्यादा 1.2 आहे. नुसत्या स्लॅबची साडेतीनच्या आसपास येते. 25 मिमी एक्सपीएसनेही ती एकच्या खाली जाते. मी तरी 50 मिमीच सांगेन, कारण मजुरी आणि कोब्याचा खर्च दोन्हींत जवळपास तोच असतो.

गच्ची सोसायटीची आहे, त्यामुळे एकट्याने हात लावता येणार नाही. कमिटीला लेखी द्या आणि वॉटरप्रूफिंगचं काम निघेल तेव्हा त्याच्याबरोबर हे करून घ्या. वजनाचं स्ट्रक्चरल इंजिनीअरला आधी विचारा, विशेषतः जुना ब्रिकबॅट कोबा तसाच ठेवून वर नवा थर चढवणार असतील तर. जुना उखडून करणं जास्त बरं.

कमिटी नाहीच म्हणाली, तर आतून: जिप्सम फॉल्स सीलिंग आणि त्यावर 50 मिमी रॉकवूल. तुमची बबल शीट इथे कामाला येते. स्लॅबच्या खाली लावा, चकाकी खाली, पोकळीकडे. खाली तोंड असल्याने धूळही बसत नाही. थर्माकोल किंवा पफ (पॉलियुरेथेन फोम) खोलीत उघडं ठेवू नका, दोन्ही पेट घेतात आणि धूर जीवघेणा असतो. रॉकवूल जळत नाही. ते बसवताना हातमोजे आणि मास्क हवाच.

माल कुठे मिळेल? ठाण्यात वागळे इस्टेटला, नवी मुंबईत महापे, राबाळे, तळोजा पट्ट्यात डक्टिंग आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांना पुरवणारे डीलर आहेत. ‘इन्सुलेशन द्या’ म्हणालात तर काहीही देतील. जाडी आणि घनता सांगून मागा: रॉकवूल 48 किंवा 64 घनतेचं (किलो प्रति घनमीटर), एक्सपीएस 32 च्या वरचं. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि बिलावर घनता लिहून घ्या. एका फ्लॅटचा माल म्हणजे त्यांच्या दृष्टीने किरकोळ, म्हणून काही जण टाळतील. तेव्हा एखाद्या एसी डक्टिंग कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या ऑर्डरसोबत तुमच्या शीट मागवायला सांगा; आम्ही लोक हे नेहमी करतो.